पाणचक्की आणि वर्गातले पंधरा ज्यूल

आपल्या शहरातली पाणचक्की आपण सगळ्यांनी पाहिलीय. डोंगराकडून मातीच्या नळांनी पाणी आणायचं, उंचावरून पात्यांवर सोडायचं, जातं फिरवायचं. हेच काम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वर्गात देऊ या. चमच्यांची पाती लावून चक्र करा, एक मीटरवरून दोन लिटर पाणी सोडा. समजा, त्यानं अर्धा किलो वजन एक मीटर उचललं. पाण्याची ऊर्जा सुमारे २० ज्यूल, कामी आली ५. उरलेली १५ गेली कुठे? आसाच्या घर्षणात, उडालेल्या पाण्यात. हा प्रश्न चक्र पुन्हा बांधताना खरा भिडतो. डॉ. कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला, तो करत करत शिकण्यासाठीच. तेव्हा आपण गुण द्यावेत ते दुसऱ्या चक्रातल्या सुधारणेला.