जुन्या वेगवान गाडीला नवे ब्रेक

सायकलवरून लांब उतार उतरताना ब्रेक दाबून धरा आणि खाली पोचल्यावर ब्रेकच्या रबराला हलकेच बोट लावा. ते गरम लागेल. ब्रेक वेग नाहीसा करतो असे आपण म्हणतो. खरे तर तो गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करतो. ही उष्णता कोठे जाते, यावर ब्रेकचा चांगलेवाईटपणा ठरतो.

१९४८ साली इंग्लंडमधील जॅग्वार कंपनीने ‘एक्सके १२०’ ही मोटार लंडनच्या प्रदर्शनात मांडली. नावातील १२० म्हणजे ताशी १२० मैल, सुमारे १९३ किलोमीटर. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. या गाड्या जपणारे काही हौशी मालक आज ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवतात. त्याने नेमके काय साधते?

थोडे गणित करू. गाडी आणि चालक मिळून वस्तुमान १४०० किलोग्रॅम व वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर धरा. गतिज ऊर्जा = १/२ × १४०० × ५० × ५० = १७,५०,००० ज्यूल. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे सुमारे ६ लिटर पाणी उकळीला येईल! चारही ड्रममध्ये मिळून ४० किलोग्रॅम लोखंड आहे असे समजू. त्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४६० घेतली, तर एकदा थांबताना त्याचे तापमान जवळजवळ ९५ अंशांनी चढते. ते निवण्यापूर्वीच पुन्हा ब्रेक लावला, की तापमान आणखी चढते.

ड्रममध्ये ब्रेक शू आतून बाहेर दाबले जातात. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, म्हणून पेडल अधिक खोल जाते. फार तापल्यावर लायनिंगचा घर्षण गुणांकही घटतो. डिस्कची तबकडी मात्र उघड्या हवेत फिरते आणि दोन्ही बाजूंच्या पॅडमध्ये धरली जाते. ती तापून जाड झाली तर पॅडकडेच सरकते. १९५३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार ‘सी-टाइप’ पहिली आली. पुढे १९५७ च्या ‘एक्सके १५०’ ला डिस्क ब्रेक मिळाले.

आता एक कोडे. डिस्क बसवल्यावर गाडी कमी अंतरात थांबेल का? चाके सरकू न देता थांबण्याचे किमान अंतर = v² / २μg. येथे μ हा टायर आणि रस्ता यांमधील घर्षण गुणांक. तो ०.८ धरला, तर ५० मीटर वेगासाठी हे अंतर सुमारे १६० मीटर येते. या सूत्रात ब्रेक कोठेच नाही! ड्रम थंड असतील आणि चाके अडवण्याइतके बळ देत असतील, तर पहिल्या वेळी दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच अंतरात थांबतील. फरक पडेल तो दहाव्या वेळी, घाटाच्या तळाशी. पहिले अंतर कमी करायचे तर आधी टायर बदलायला हवेत.

नुसती तबकडी बदलून भागत नाही. ड्रमचा पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक घट्ट ओढला जातो. डिस्कला ही फुकटची मदत नसते. म्हणून पायाला अधिक जोर लावावा लागतो किंवा सर्व्हो जोडावा लागतो. पास्कलचा नियमही आठवा. चाकाजवळच्या दट्ट्यांचे क्षेत्रफळ वाढवले तर बळ वाढते, पण त्यांना सरकवायला तेलही जास्त लागते. मुख्य सिलिंडर जुनाच राहिला, तर पेडल तळाला टेकण्याचा धोका असतो.

सर्वांत मोठा धोका समतोलाचा. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची हलकी होतात. मागे जोरदार ब्रेक बसवले, तर ती चाके आधी अडकतात, त्यांची आडवी पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून ब्रेक हा एक सुटा भाग न मानता पायापासून रस्त्यापर्यंतची साखळी मानावी.

जाता जाता एक प्रश्न: वेग निम्मा, म्हणजे ताशी ९० किलोमीटर असता, तर किती लिटर पाणी उकळले असते? उत्तर ३ लिटर आले असेल, तर गणित पुन्हा करून पाहा.