विमा कोणामार्फत घ्यावा? वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी काही विचार

दवाखान्याचा किंवा औषधालयाचा विमा उतरविताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो: हप्ता किती, आणि सूट काय मिळेल. समोर बसलेली व्यक्ती कायद्याने कोणाची प्रतिनिधी आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक नुकसानीच्या दिवशी आपल्या बाजूने कोण उभे राहणार, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. निदानावाचून चिकित्सा करू नये हे आपण रोग्यांना सांगतो. विम्याच्या बाबतीत मात्र आपणच ओळखीपाळखीवर भिस्त ठेवून मोकळे होतो.

पूर्वी ओळखीवर भागत असे, त्यालाही कारण होते. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७३ पासून हा व्यवसाय चार सरकारी कंपन्यांकडे राहिला. आगीच्या विम्याचे दर ठरवून दिलेले असत. कोणाकडूनही घ्या, दर तोच व शब्दरचनाही जवळपास तीच. मग शेजारच्या एजंटाकडून घेण्यात तोटा कसला? २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या, १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर मोकळे झाले आणि २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कमिशनच्या प्रकारवार मर्यादाही काढून कंपनीच्या एकूण खर्चाला मर्यादा घातली. आज दर वेगळे, अपवाद वेगळे, आणि विकणाऱ्याला मिळणारा मोबदलाही वेगळा. म्हणून निवड करणे भाग आहे.

आपल्या वसई-विरार भागाला हा विषय विशेष लागू पडतो. २६ जुलै २००५ चा पाऊस बहुतेकांच्या स्मरणात आहे. जुलै २०१८ मध्ये वसई ते विरार लोकल बंद पडल्या, नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या गाडीतील प्रवाशांना बाहेर काढावे लागले आणि वसईच्या मिठागरांत माणसे पाण्याने वेढली गेली. तळमजल्यावरील गाळ्यात दुकान थाटणाऱ्याने पाणी येणार हे गृहीतच धरावे. आयुर्वेदीय औषधांचे पाण्याशी वैर तर वेगळ्याच प्रकारचे. चूर्ण, वटी, गुग्गुळकल्प यांना ओल लागली की ते गेले. आसव-अरिष्टांच्या बाटल्या आतून धड असतात, पण लेबल धुऊन गेल्यावर बॅच क्रमांक व मुदतीची तारीख उरत नाही आणि तो माल विकता येत नाही. अशा बाटलीला नुकसान म्हणायचे की नाही, यावरच सर्व्हेअरशी वाद होतो. त्या वेळी हा मुद्दा कागदावर मांडणारा जाणता माणूस आपल्या बाजूला हवा. तो कोण असू शकतो, हे आता पाहू.

सर्वांत परिचित तो वैयक्तिक एजंट. त्याला एक जीवन विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी व एक केवळ आरोग्य विमा करणारी कंपनी अशी मुख्यतः तीन दारे खुली असतात. तो कंपनीचा प्रतिनिधी आहे, आपला नव्हे. यात त्याचा कमीपणा मुळीच नाही. आपल्या गावातला, हाक मारल्यावर येणारा, नूतनीकरणाची तारीख आठवणीने कळविणारा एजंट ही मोठी सोय आहे, आणि कुटुंबाच्या साध्या जीवन विम्यासाठी मला तो पुरेसा वाटतो. मात्र त्याच्याकडून निःपक्षपाती तुलनेची अपेक्षा करू नये. ज्या कंपनीचे काम तो करतो, तिचीच पॉलिसी तो उत्तम म्हणणार.

दुसरा प्रकार संस्थात्मक एजंटाचा, म्हणजे व्यवहारात बँकेचा. २०२२ पासून अशा संस्थेला प्रत्येक वर्गात नऊ कंपन्यांपर्यंत करार करता येतो. तरी शाखेत गेल्यावर समोर ठेवली जाते ती बहुधा एकच पॉलिसी. कॅश क्रेडिट किंवा मुदत कर्ज घेतलेल्या औषधविक्रेत्यांच्या मालाचा विमा बँकेमार्फतच निघालेला असतो आणि पॉलिसीत बँकेचे नाव आधी असते. याचा अर्थ दाव्याची रक्कम प्रथम बँकेच्या हक्काची. तारण मालाचा विमा असावा हा बँकेचा आग्रह रास्त आहे. तो अमुकच कंपनीचा, आमच्याकडूनच घ्या, ही सक्ती मात्र करता येत नाही. शिवाय बँकेचे लक्ष कर्जाच्या रकमेवर असते, आपल्या मालाच्या खऱ्या किमतीवर नव्हे. दहा लाखांच्या कर्जापुरता दहा लाखांचा विमा काढला, दुकानात माल वीस लाखांचा आहे आणि पाण्याने चार लाखांचा माल गेला, तर सरासरीच्या तत्त्वाने दोन लाखांच्या आसपासच पदरात पडतात, कारण विमा निम्म्याच किमतीचा होता. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या जोखमीसाठी आणलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली आहे व पुराचे संरक्षणही आहे. पण निम्म्याने कमी किमतीचा विमा ती कशी सावरणार?

ब्रोकर हा मूलतः निराळा प्रकार आहे. मराठीत आपण त्यालाही ‘एजंट’च म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. कायद्याने ब्रोकर ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. त्याला कोणत्याही कंपनीकडून भाव मागविता येतो, दाव्याच्या वेळी वाटाघाटीत साहाय्य करणे हे त्याच्या कामातच मोडते आणि स्वतःच्या चुकीबद्दल त्याने व्यावसायिक दायित्व विमा घेतलेला असणे बंधनकारक आहे. तथापि त्याचाही मोबदला बहुधा विमा कंपनीकडूनच येतो, हे विसरू नये. ग्राहकाने विचारल्यास कमिशनचा दर सांगणे आचारसंहितेत आहे. तेव्हा विचारण्यात संकोच नसावा. दुसरी अडचण व्यवहारातली आहे. मुंबईतल्या मोठ्या ब्रोकरला नालासोपाऱ्यातील एका गाळ्याच्या हप्त्यात स्वारस्य नसते. यावर उपाय म्हणजे पाच-दहा औषधालयांनी मिळून एकाच ब्रोकरकडे जावे. पॉलिसी प्रत्येकाची वेगळी राहील, पण काम त्याच्या दृष्टीने करण्याजोगे होईल.

अलीकडे ‘पीओएसपी’ म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन हा प्रकार फार बोकाळला आहे. २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो सुरू झाला. दहावी उत्तीर्ण व्यक्तीने पंधरा तासांचे प्रशिक्षण व परीक्षा पूर्ण केली की ठराविक, साचेबंद पॉलिसी विकता येतात. तो एखाद्या ब्रोकरच्या अथवा कंपनीच्या वतीने काम करतो आणि त्याच्या वर्तनाची जबाबदारी नेमणाऱ्यावर असते. दुचाकीच्या विम्यासाठी तो ठीक. व्यावसायिक दायित्वासारखा विषय त्याच्यापुढे ठेवू नये. तो त्याच्या अभ्यासक्रमाचा नव्हेच. संकेतस्थळांवरील तुलना उपयुक्त असते, पण तिथे हप्त्याची तुलना होते, अपवादांची क्वचितच. कंपनीकडून थेट घेतल्यास मध्यस्थ नाही, तसाच सल्लाही नाही.

आता वैद्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली, आणि १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात होमिओपॅथी पदवीधराने दिलेली ॲलोपॅथिक औषधे हाच निष्काळजीपणा ठरला. त्यानंतर आपल्यापैकी अनेकांनी व्यावसायिक दायित्व विमा, ज्याला आपण इन्डेम्निटी म्हणतो, घेतला. हा विमा सामान्यतः ‘दावा आला तेव्हा’ या पद्धतीचा असतो. उपचार कधी केला एवढेच पाहिले जात नाही. नोटीस आली त्या दिवशी पॉलिसी चालू हवी, आणि उपचाराचा दिवस पॉलिसीवरील ‘पूर्वलक्षी दिनांका’च्या नंतरचा हवा. इंग्रजीतील ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’ ती हीच.

एखाद्या वैद्याने २०२१ पासून सलग पॉलिसी ठेवली. एप्रिल २०२५ मध्ये एक तत्पर मध्यस्थ आला, हप्ता हजार-बाराशेने कमी करून दुसऱ्या कंपनीची पॉलिसी देऊन गेला आणि पूर्वलक्षी दिनांक एप्रिल २०२५ हाच पडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंचकर्म झालेल्या रुग्णाची नोटीस जानेवारी २०२६ मध्ये येते. जुनी पॉलिसी संपलेली, नवी मागे जात नाही. पाच वर्षांचे हप्ते भरूनही वैद्य उघडा. कंपनी बदलताना पूर्वीचा दिनांक लेखी मान्य करून घेणे हे मध्यस्थाचे काम आहे. परंतु ते ज्याला ठाऊकच नाही, तो काय करून घेणार? म्हणून पहिल्या भेटीत ‘माझ्या पॉलिसीचा पूर्वलक्षी दिनांक कोणता राहील?’ एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर चाचरत आले तर चहा पाजून निरोप द्यावा.

याच जोडीने विचारावे की, आमची पदवी बी.ए.एम.एस., नोंदणी महाराष्ट्रातील भारतीय वैद्यक परिषदेची. १९९२ च्या राज्य अधिसूचनेचा आधार घेऊन काही आधुनिक औषधे आम्ही वापरतो. पॉलिसीच्या शब्दरचनेत याविषयी अपवाद आहे काय? मौखिक आश्वासन नको. कलम दाखवावे.

औषधविक्रेत्यांनी आपल्या व्यवहाराचे वर्णन स्वतः लिहून द्यावे. दुकानामागे काढ्याची भट्टी चालत असेल, भस्मांची पुटे दिली जात असतील, तर ते निव्वळ दुकान राहत नाही. उत्पादनस्थळ म्हणून त्याची जोखीम निराळी. दुकान नवघरला आणि मालाची खोली वालीवला असेल तर दोन्ही पत्ते पॉलिसीवर हवेत, अन्यथा दुसऱ्या पत्त्यावरील माल विम्याबाहेरच समजावा. प्रस्तावपत्र मध्यस्थाने भरले तरी सही आपली असते. कोऱ्या अर्जावर सही करून ‘बाकीचे तुम्ही भरा’ म्हणणे आपल्याकडे सर्रास चालते. कंपनी दावा नाकारते तेव्हा पहिले बोट त्या अर्जावरच ठेवते. त्याची प्रत मागून घ्यावी.

आरोग्य विमा रुग्ण आपल्यालाच विचारतात, त्यामुळे तोही थोडक्यात. प्राधिकरणाने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागविण्यास सांगितले व त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२४ पासून झाली. परंतु ‘आयुष रुग्णालय’ म्हणून मान्यता मिळण्यास किमान पाच आंतररुग्ण खाटा, चोवीस तास पात्र वैद्य व रोजच्या नोंदी लागतात. ‘आता सगळे पंचकर्म विम्यात’ असे रुग्णाला सांगणारा मध्यस्थ आपल्या दारी भांडण आणून ठेवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व जीवन विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी माफ झाला. दुकानाच्या विम्याला ही माफी नाही, हेही अनेक जण सरमिसळ करून सांगतात.

काही ठिकाणी सभासद वर्गणीसोबत वैद्यांना ‘कायदेशीर संरक्षण’ देऊ केले जाते. अशा वेळी पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची, तिचा क्रमांक काय आणि आपल्या नावे प्रमाणपत्र मिळणार की नाही, हे पाहावे. वकील पुरविण्याचा करार आणि भरपाईचा विमा या भिन्न वस्तू होत. कोणताही मध्यस्थ असो, नोंदणी क्रमांक घेऊन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळावा, आणि धनादेश विमा कंपनीच्या नावानेच काढावा. हप्ता कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमात स्पष्ट आहे. कमिशनमधील वाटा परत देणे व घेणे दोन्ही कलम ४१ ने निषिद्ध आहे. शिवाय सुटीचे आमिष दाखवणारा पावसाळ्यात फोन उचलत नाही, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

दावा नाकारला गेला, अथवा मध्यस्थाच्या सेवेत उणीव राहिली, तर प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर मान्य नसल्यास, एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पालघर जिल्ह्याचे काम ठाण्याच्या कार्यालयाकडे आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, मर्यादा पन्नास लाखांची. २०२१ च्या दुरुस्तीने ब्रोकरही या कक्षेत आले आहेत. मात्र व्यवसायाच्या पॉलिसीबाबत ही वाट एकमालकी व सूक्ष्म उद्योगांपुरतीच आहे. म्हणून भागीदारीत चालणाऱ्या औषधालयांनी आपली सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी झाली आहे किंवा नाही, हे पुढील नूतनीकरणापूर्वीच तपासून घ्यावे.