बाप्तिस्मा दोन रीतींचा, चर्च एक

नगरला १८३१ साली आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचं. पुढे अँग्लिकन मिशनरीही जिल्ह्यात आले. बिशप असावा की नसावा, इथूनच मतभेद. तरीही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात या दोन्ही परंपरांसह सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. खरी अवघड गाठ होती बाप्तिस्म्याची: तान्ह्या बाळाला द्यायचा, की कळत्या वयात श्रद्धा कबूल केल्यावर? दोन्ही रीती मान्य झाल्या. या एकीकरणातलं हेच सर्वांत मोठं धाडस. नगरला दीर्घकाळ राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर १९१७ मध्येच याच्या पुढे गेले होते. त्यांच्या ‘देवाचा दरबार’मध्ये बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.