चुकतं ते बोट की काच?

बारामती-इंदापूर पट्ट्यात नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकतो. पावसाळा सरत आला की त्याची ई-पीक पाहणी उरकायची असते. बागायतदार बांधावर उभा, एका हातात मोबाइल, आणि नुकतीच ठिबकची नळी जोडल्यानं अंगठा ओला. यादीतल्या उसावर बोट टेकवावं तर खालची ओळ निवडली जाते. माघारी जा, परत तेच. शेवटी मोबाइल पोराकडे जातो : "घे रं, तूच कर. माझ्या बोटाचं ऐकंना हे." असं कुठल्याही अ‍ॅपवर होतं, पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्यानं स्वतः करायची आहे, आणि बोट चुकलं तर सातबाऱ्यावरचं पीक चुकतं.

ओल्या अंगठ्याचं कोडं सोपं आहे. काचेखाली सूक्ष्म विद्युतवाहक रेषांची जाळी असते; बोट जवळ आलं की तिथली विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुंपे यांनी १९७०च्या दशकात काचेवर ८० मायक्रॉनच्या तांब्याच्या रेषा कोरून याच तत्त्वावर पडदा बनवला. पाणीही विद्युतवाहक, त्यामुळे बोट कुठं संपलं आणि थेंब कुठं सुरू झाला, हे जाळीला उमगत नाही. हात पुसला की भागतं.

खरी मेख कोरड्या बोटाची. नीट बघून दाबलं तरी शेजारचं का उघडतं?

उत्तर ठरलेलं होतं : बोट जाड, मऊ, आणि टेकताना खालचं झाकतं. दोष बोटाचा! अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांनी १९८८ साली एक तोड काढली. बोट टेकताच हुकूम मानायचा नाही. बोटाच्या जरा वर खूण दाखवायची, ती सरकवू द्यायची, आणि बोट उचललं की निवड पक्की. चुका घटल्या, पण बोटावरचा आळ तसाच राहिला.

तो पुसला जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या हासो प्लाट्नर संस्थेनं. ख्रिस्तियान होल्त्स आणि पाट्रिक बाउडिश यांनी बोटं वेगवेगळ्या कोनांत टेकवायला लावून प्रत्येक स्पर्श टिपला. बोट खरंच बेभरवशाचं असतं, तर खुणा चहूकडे विखुरल्या असत्या. तसं झालं नाही. एकाच माणसाचं बोट एकाच कोनात असलं की खुणा नेमापासून दूर, पण एका जागी गोळा होत होत्या. माणूस दरवेळी तीच, मोजता येण्याजोगी चूक करत होता!

कारण उघड झालं. आपण नेम धरतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या, नखाकडच्या बाजूनं; यंत्र मोजतं ते खाली दबलेल्या मांसाचा मध्य. बोटाचा कोन बदलला की दोहोंतलं अंतरही बदलतं. २०१० साली त्यांनी ठशांवरून बोटाचा कल ओळखणारं यंत्र मांडलं, तेव्हा अचूकता १.८ पट झाली.

माझ्या मते चांगला पडदा तोच, जो ही तफावत स्वतः पोटात घालतो. अँड्रॉइडची शिफारस सुमारे ९ मिलिमीटरच्या बटणाची आहे. ती पाळली तरी निम्मी कटकट मिटेल. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी एकदा इंदापूरच्या उन्हात, ओल्या हातानं आपलं काम तपासावं. तोवर तुम्ही बोट थोडं उभं धरा आणि हव्या त्या ओळीच्या किंचित वर टेकवा.