हातचा, स्कोअर आणि शिक्षकांशी बोलणं



शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले की न्यू जर्सीतल्या घराघरांत एक रिपोर्ट येतो. कुठे कागदावर, बऱ्याच ठिकाणी आता पालकांच्या पोर्टलवर. मुलाचं नाव, एक रंगीत पट्टी आणि 650 ते 850 यांच्या मधला एक आकडा. ही एनजेएसएलए, म्हणजे मागच्या वसंतात झालेली राज्याची चाचणी. रिपोर्ट आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे किती आले?’ दुसरा येतो, ‘मग शिक्षक वर्गात करतात तरी काय?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांकडेच असतं, पण त्यांना विचारायला कोणी जात नाही. विचारायचं कसं, हा आजचा विषय.

आपल्यात दोन टोकं दिसतात. एक, ‘मास्तरांना कसं विचारायचं?’ हा लहानपणापासूनचा संकोच. दुसरं, वर्षभर गप्प राहून मे महिन्यात थेट प्रिन्सिपलना दोन पानी ई-मेल, सीसीमध्ये सुपरिंटेंडंट. ऑफिसमध्ये आपण असं कधी करत नाही. तिथे आधी संबंधित माणसाशी बोलतो, मुद्दा लिहून नेतो, पुरावा दाखवतो. शाळेशी बोलतानाच ही सवय कुठे जाते, कळत नाही.

आधी हे सगळं इतकं बदलतं का, ते पाहू. 2002 मध्ये केंद्राचा ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा आला आणि तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची झाली. 2010 मध्ये न्यू जर्सीने कॉमन कोअर स्वीकारलं. 2012 मध्ये ‘टीच एनजे’ कायदा आला, त्याने शिक्षकांचं मूल्यमापन आणि कायम नोकरीचे नियम बदलले. 2015 च्या वसंतात पार्क नावाची नवी चाचणी, 2016 मध्ये कॉमन कोअर जाऊन राज्याची स्वतःची मानकं (बराचसा गाभा तोच), 2019 मध्ये पार्क जाऊन एनजेएसएलए. 2006 मध्ये जन्मलेलं मूल घ्या. तिसरीत त्याने पार्क दिली, सातवीत एनजेएसएलए दिली आणि आठवीत करोनामुळे चाचणीच झाली नाही. त्याला शिकवणाऱ्यांनी या काळात किती वेळा नवे आराखडे आणि नवी ट्रेनिंग्ज पार पाडली असतील, याचा हिशोब तुम्हीच करा. आपल्याकडे एका कंपनीने पाच वर्षांत तीन वेळा ईआरपी बदललं तर लोक राजीनामे देतात.

चाचणी बदलली की जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करता येत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. याचं ठळक उदाहरण शेजारच्या न्यू यॉर्कचं. 2012 मध्ये तिथे तिसरी ते आठवीची साधारण 55 टक्के मुलं इंग्रजीत आणि 65 टक्के गणितात ‘प्रवीण’ ठरली होती. 2013 मध्ये कॉमन कोअरवर आधारलेली चाचणी आली आणि दोन्ही विषयांत आकडा 31 टक्क्यांच्या आसपास आला. एका वर्षात मुलं ढ झाली नव्हती आणि शिक्षकही शिकवायचे थांबले नव्हते. मोजपट्टी बदलली होती. पण त्या उन्हाळ्यानंतर किती घरांत मुलांनी बोलणी खाल्ली असतील! म्हणून तुमच्या शाळेने किंवा राज्याने ‘यंदा चाचणी नवी आहे’ असं पत्र पाठवलं असेल, तर शिक्षकांशी बोलताना ‘मागच्या वर्षीपेक्षा गुण कमी का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. प्रामाणिक शिक्षक त्याचं उत्तर देऊ शकणार नाही.

आता रिपोर्ट. 750 ला चौथी पातळी सुरू होते, म्हणजे इयत्तेची अपेक्षा पूर्ण. 725 ते 749 ही तिसरी पातळी. आपली नजर 750 च्या रेषेवर अडकते. 748 आणि 751 या दोन मुलांत सांगण्यासारखा फरक नसतो, पण एका घरात पेढे आणि दुसऱ्या घरात सुतक. खरी माहिती खालच्या भागात असते. इंग्रजीत कथा-साहित्याचं वाचन, माहितीपर वाचन, शब्दसंग्रह आणि लेखन वेगवेगळं दाखवलेलं असतं. गणितात मुख्य घटक, पूरक घटक, गणिती विचार मांडणं आणि प्रत्यक्ष प्रसंगात गणित वापरणं असे चार भाग असतात. आपल्या बऱ्याच मुलांचं हिशोबाचं काम चांगलं असतं आणि ‘उत्तर असं का आलं ते लिहा’ इथे गाडी अडते. शिक्षकांशी बोलायला हा भाग न्या. आकडा सांगितला तर ते सहानुभूतीने मान हलवतील. ‘विचार मांडणं’ या रकान्याबद्दल विचारलंत, तर ते वही उघडून दाखवतील.

यात खरंच काही पणाला लागलेलं असतं. अनेक डिस्ट्रिक्ट्समध्ये मिडल स्कूलला गणिताचे वेगवेगळे गट पडतात आणि गट ठरवताना इतर गोष्टींबरोबर चाचणीचे गुणही पाहिले जातात. सहावीत कुठला गट मिळाला, यावर आठवीत अल्जिब्रा आणि पुढे हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस कधी येणार, ते बरंचसं ठरतं. त्यामुळे चाचणी बदलत असेल त्या वर्षी एक प्रश्न आवर्जून विचारा आणि तो पाचवीच्या हिवाळ्यातच विचारा: ‘गट ठरवताना यंदा कुठले निकष वापरणार आणि ते कुठे लिहिलेले आहेत?’ हा प्रश्न वर्गशिक्षकांचा नाही. तो गणिताच्या सुपरवायझरना किंवा गायडन्स काउन्सेलरना विचारायचा. गट जाहीर झाल्यावर भांडून उपयोग होतो, पण कमी.

आता शिक्षकांची बाजू. न्यू जर्सीत चौथी ते आठवीच्या भाषेच्या आणि चौथी ते सातवीच्या गणिताच्या शिक्षकांच्या मूल्यमापनात एसजीपी नावाचा आकडा येतो. मागची गुणांची वाटचाल सारखी असलेल्या राज्यातल्या मुलांशी तुलना करून तुमच्या मुलाची वाढ 1 ते 99 मध्ये मोजतात आणि वर्गातला मधला आकडा शिक्षकांच्या नावे लागतो. तिसरीत हा आकडा नसतो, कारण तुलनेला आधीची चाचणीच नसते. मूल्यमापनात याचं वजन 2013-14 मध्ये 30 टक्के होतं, मग दोन वर्षं 10, 2016-17 ला पुन्हा 30 आणि 2018 मध्ये राज्याने ते 5 टक्क्यांवर आणलं. आपल्या वार्षिक अप्रेझलचं सूत्र दर दोन वर्षांनी असं बदललं असतं तर? मोठा हिस्सा वर्गनिरीक्षणाचा असतो. मूल घरी येऊन सांगतं ना, ‘आज मागे एक सर लॅपटॉप घेऊन बसले होते’, तेच ते.

हे सांगण्याचं कारण असं, की पालक सहज बोलून जातात, ‘स्कोअर तुमच्याही हातात आहे की.’ शिक्षकांना ती धमकी वाटू शकते आणि पुढचं बोलणं सावध, कागदी होतं. एखाद्या शिक्षकांना कुठलं रेटिंग मिळालं हे विचारूही नका. राज्याच्या कायद्याने ते गोपनीय आहे. उलट काही चांगलं दिसलं तर प्रिन्सिपलना चार ओळी लिहा आणि शिक्षकांना सीसीत ठेवा. आपण तक्रार लेखी करतो आणि कौतुक पार्किंग लॉटमध्ये तोंडी. ते जरा उलटं करून पाहा.

हातच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही. तिसरीतलं मूल 47 आणि 38 ची बेरीज करताना चौकटी काढतं, 40 आणि 30 वेगळे करतं, संख्यारेषेवर उड्या मारतं. भारतातून आलेले आजोबा म्हणतात, ‘अरे, हातचा एक घे आणि मोकळा हो!’ मुलाला ते पटतं आणि दुसऱ्या दिवशी वहीवर शिक्षकांचा शेरा येतो. इथे शाळेला नावं ठेवण्याआधी मानकांत काय आहे ते पाहा. आपली उभी मांडणीची बेरीज-वजाबाकी सफाईने येणं अपेक्षित आहे ते चौथीच्या अखेरीस, गुणाकार पाचवीत आणि भागाकार सहावीत. म्हणजे हातचा हद्दपार केलेला नाही. तो उशिरा येतो, आणि आधी दशक-एकक कळावेत म्हणून चौकटी येतात. मला व्यक्तिशः हा क्रम थोडा लांबलेला वाटतो, पण त्यामागे तर्क आहे. शिक्षकांना विचारा: ‘घरी आम्ही उभी मांडणी शिकवली तर अडचण होईल का? की तुमची पद्धत बसेपर्यंत थांबू?’ बहुतेक शिक्षक या प्रश्नाने खूश होतात. आजोबांना पाढ्यांचं खातं द्या. पाढ्यांना कुठल्याच मानकाचा विरोध नाही.

असं फक्त अमेरिकेतच होतं असंही नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बावीस’ऐवजी ‘वीस दोन’ आलं, तेव्हा महाराष्ट्रात किती गदारोळ झाला होता! मंगला नारळीकरांनी कारण सांगितलं होतं, की जोडाक्षरांची संख्यानामं लहान मुलांना अवघड जातात. पण विनोद त्यापेक्षा वेगाने फिरले. ते आपणही इथे बसून फॉरवर्ड केलेच.

आता प्रत्यक्ष भेट. पेरेंट-टीचर कॉन्फरन्सला दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि ती बऱ्याच ठिकाणी दिवाळीच्या आगेमागेच येते. म्हणून आठवडाभर आधी एक छोटा ई-मेल करा. तो इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा असू द्या: ‘मी अमुकची आई. रिपोर्टमध्ये गणिती विचार मांडण्याच्या भागात तो मागे दिसतो. घरी पाहिलं तर अपूर्णांकांची बेरीज जमते, पण तेच शब्दांत आलं की अडतो. वर्गात तुम्हाला काय दिसतं? त्याची दोन-तीन कामं भेटीत पाहता येतील का?’ एवढंच. इतर मुलांची तुलना नाही, कुमॉनमध्ये तो किती पुढे आहे ते नाही. शिक्षक तयारीने येतील आणि पंधरा मिनिटं कामाची होतील. भेटीनंतर काय ठरलं ते दोन ओळींत लिहून पाठवा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा विचारा.

शिक्षकांशी बोलून सुटलं नाही तर क्रम असा: मग प्रिन्सिपल किंवा विषयाचे सुपरवायझर, मग सुपरिंटेंडंट. धोरणच पटत नसेल, चाचण्या फार झाल्या किंवा गटाचे निकष अन्यायाचे वाटतात, तर जागा बोर्ड ऑफ एज्युकेशनची. न्यू जर्सीत त्यांच्या जाहीर सभेत लोकांना बोलण्यासाठी वेळ ठेवावाच लागतो. दोन-तीन मिनिटांत मांडता येईल असा एकच मुद्दा न्या. वर्गशिक्षकांशी धोरणावर वाद घालून काही होत नाही, त्यांना ते बदलता येत नाही.

आपल्यापैकी जे प्रोजेक्टबरोबर गाव बदलतात, त्यांच्यासाठी आणखी एक. टेक्सास आणि व्हर्जिनिया यांनी कॉमन कोअर कधी स्वीकारलंच नाही. तिथल्या चाचण्या, स्टार आणि एसओएल, वेगळ्या मोजपट्टीच्या आहेत. डॅलसच्या शिक्षकांना तुमचं 760 काही सांगणार नाही. निघण्याआधी इथल्या शिक्षकांना विनंती करा की मूल वर्षात कुठपर्यंत आलं ते अर्ध्या पानात लिहून द्या, आणि मुलाचा एक निबंध आणि गणिताचे दोन पेपर फाइलमध्ये ठेवा. मुलाचे शालेय रेकॉर्ड पाहण्याचा हक्क तुम्हाला फर्पा या केंद्रीय कायद्याने आहे. शाळेला त्यासाठी जास्तीत जास्त 45 दिवस घेता येतात, त्यामुळे विनंती मूव्हर्स बुक कराल त्याच आठवड्यात करा.