आउटलेटमधली सूट

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील एकदा तरी आउटलेटची चक्कर मारतातच. न्यूयॉर्कजवळचं वुडबरी कॉमन १९८५ सालचं. तिथली खरेदी बॅगांत भरून पुण्या-मुंबईत उतरते. पूर्वी आउटलेट म्हणजे कारखान्याच्या दारातलं दुकान. शिल्लक, हंगाम सरलेला किंवा किंचित डागाळलेला माल तिथे निघायचा. आज तिथला बराचसा माल मुळात आउटलेटसाठीच शिवलेला असतो. नाव तेच, पण अनेकदा कापड पातळ, अस्तर गायब, टीप विरळ. शर्ट उलटा करून शिवण पाहा, बटण हलकेच ओढा. नेहमीच्या दुकानातला शर्ट शेजारी धरला की फरक बोटांना कळतो.

खरी गोम किमतीच्या चिठ्ठीत आहे. आपल्यासारखी कायद्याने छापावी लागणारी कमाल किंमत तिकडे नसते. खास आउटलेटसाठी शिवलेला शर्ट चिठ्ठीवरच्या ‘मूळ’ किमतीला कुठे विकलाच गेला नसेल, तर सूट कशावर? २०१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या चार सदस्यांनी फेडरल ट्रेड कमिशनला पत्र लिहून हाच प्रश्न उपस्थित केला, आणि तो रास्त होता. रोजच्या वापराला हे कपडे पुरतात, घ्यायला हरकत नाही. पण शहरातल्या दुकानाचा हंगामअखेरचा सेलही बघून घ्या. मूळ प्रतीचा शर्ट कधीकधी तेवढ्याच पैशांत तिथे मिळून जातो.