गोरेआनगाबचे पाणी

नामिबियाची राजधानी विंडहुक समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसोळाशे मीटर उंचीवर, डोंगरांच्या वेढ्यात वसली आहे. वर्षाकाठी पाऊस जेमतेम साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि उन्हाने पाण्याची वाफ होण्याची क्षमता त्याच्या कितीतरी पट. देशातल्या बारमाही नद्या फक्त सरहद्दींवरून वाहतात. त्यांतली जवळची ओकावांगोसुद्धा सुमारे सातशे किलोमीटर दूर. समुद्र त्यामानाने जवळ आहे, पण त्याचे पाणी गोडे करून शहरात आणायचे तर दीड हजार मीटरहून जास्त चढ चढवावा लागेल. मग शहराकडे उरते काय? पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या नद्यांवरची तीन धरणे, खडकाखालचे भूजल आणि शहराने स्वतःच एकदा वापरून टाकलेले पाणी. हे वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या नळाला सोडणारे विंडहुक हे जगातले पहिले शहर, आणि हा उद्योग १९६८ पासून चालू आहे. त्याचे कौतुक होते ते बहुधा तंत्रज्ञानाचे. मात्र हे पाणी शुद्ध करणाऱ्या गोरेआनगाबच्या केंद्राची घडण नीट तपासली, तर यशाचा मोठा वाटा यंत्रापेक्षा त्याच्या अलीकडे-पलीकडे पाळलेल्या शिस्तीचा आहे, असेच म्हणावे लागते.

इतिहास थोडक्यात असा. पहिल्या केंद्राची क्षमता दिवसाला ४८ लाख लिटर होती. गोरेआनगाब तलावाचे पाणी आणि गामाम्स येथील मैलापाणी केंद्रातून बाहेर पडणारे पाणी, दोन्ही तिथे शुद्ध होत. पुढे वाढत्या वस्तीच्या घाणीने तलावच नासला. २००२ साली शेजारी नवे केंद्र उभे राहिले. त्याची क्षमता दिवसाला २ कोटी १० लाख लिटर. ते चालवणाऱ्या कंपनीत फ्रान्सच्या व्हिओलियाबरोबर चेन्नईची वाबाग ही भारतीय कंपनीही भागीदार आहे. शहराच्या एकूण पुरवठ्यात या पाण्याचा वाटा साधारण चौथा हिस्सा, आणि टंचाईत तो सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत जातो.

नव्या केंद्रात पाणी एकामागून एक अनेक कसोट्यांतून जाते. आधी ओझोनचा पहिला मारा. मग फेरिक क्लोराइड घालून गढूळपणाचे कण एकत्र आणले जातात आणि बारीक हवेच्या बुडबुड्यांवर तरंगवून साय काढावी तसे वरच्यावर काढले जातात. त्यानंतर वाळूची गाळण, पुन्हा ओझोन, मग दाणेदार कोळशाचे थर. ओझोनने तुटलेले सेंद्रिय तुकडे यांतल्या पहिल्या थरावर वाढणारे जीवाणू खाऊन टाकतात आणि उरलेले पुढचा कोळसा शोषून घेतो. शेवटी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणपटलातून पाणी जाते, त्यात क्लोरीन पडते, आणि नळांना गंज चढू नये म्हणून त्याची आम्लता सुधारली जाते. या साखळीमागचे तत्त्व असे की रोगजंतूंसारख्या घातक घटकाला अडवण्याचे काम एकाच पायरीवर सोपवायचे नाही. एक पायरी ढिली पडली तरी मागे दुसरी उभी असली पाहिजे.

या साखळीतली सर्वांत महत्त्वाची सोय मात्र शुद्धीकरणाची नाहीच, ती आहे थांबवण्याची. केंद्रात पाण्याचे मोजमाप अखंड चालते. कुठल्याही टप्प्यावर आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की पाणी शहराकडे जाणे बंद होते आणि ते केंद्रातच फिरवले जाते. शहर तहानलेले असताना, धरणे आटलेली असताना, तयार पाणी अडवण्याचा अधिकार मोजमापाला देणे ही प्रशासनाच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हे. दुसरी शिस्त केंद्राच्या कितीतरी अलीकडे आहे. विंडहुकने कारखान्यांचे सांडपाणी घरगुती मैलापाण्यात मिसळू दिले नाही. उत्तरेकडच्या उद्योगांचे पाणी वेगळ्या वाहिन्यांनी उजाम्स येथील वेगळ्या केंद्राकडे जाते आणि गामाम्सकडे येते ते मुख्यतः घरांचे. धातू आणि अनोळखी रसायने आधीच दूर ठेवली म्हणून पुढची साखळी भरवशाने काम करू शकते. ही विभागणी नसती तर ओझोन आणि कोळसा कितीही ओतला तरी रोज बदलणाऱ्या रसायनांच्या मिश्रणापुढे हमी देणे अशक्य झाले असते.

यावर पहिला आक्षेप किळसेचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहराने २००६ साली दुष्काळात जनमत घेतले, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदारांनी असे पाणी नाकारले. मग विंडहुकला ते कसे पचले? याचे एक उत्तर अडचणीचे आहे. १९६८ साली तिथे वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेची सत्ता होती, आणि कातुतुरा या वस्तीत हुसकावून वसवलेल्या कृष्णवर्णीयांना कुणी विचारले नव्हते. या प्रयोगाचा आरंभ लोकसंमतीने झाला असे सांगणे म्हणजे खोटे कौतुक होईल. पण १९९० मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर नव्या राज्यकर्त्यांना हे केंद्र वसाहतीचा वारसा म्हणून मोडता आले असते. त्यांनी उलट त्याच्या चौपटीहून मोठे उभारले. त्याआधीच, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आरोग्य-पाहणीत या पाण्यामुळे अतिसार वाढल्याचे आढळले नव्हते. संमती इथे उशिरा आली, पण ती अनुभवावर उभी आहे.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आणि अधिक गंभीर आहे. गोरेआनगाबची साखळी पाण्यात विरघळलेले क्षार काढत नाही. तेच पाणी पुनःपुन्हा फिरले की क्षार चढत जातात, म्हणून धरणाच्या पाण्यात मिसळूनच ते सोडावे लागते. सिंगापूरसारखे उलट्या परासरणाचे पडदे वापरले तर क्षार निघतात, पण मागे उरणारे खारे पाणी सिंगापूर समुद्रात सोडू शकते, विंडहुकने ते कुठे टाकावे? वीजही जास्त लागेल. म्हणजे पुनर्वापर दुष्काळात आधार देतो, पण धरणे पूर्ण आटली तर एकटा शहर चालवू शकत नाही. शिवाय शहर वाढते आहे, गामाम्सवरचा भार वाढतो आहे, आणि तिथली प्रक्रिया बिघडली की पुढच्या केंद्राला पाणी नाकारावे लागते. दुसरे असे केंद्र उभारण्याची योजना आहे; तिचे यशही मैलापाणी केंद्राच्या तब्येतीवरच ठरेल. औषधे आणि सौंदर्यप्रसाधनांचे नव्याने आढळणारे अंश शोधत राहण्याचा खर्च तर कधी संपणार नाही.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? २०१६ साली लातूरला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पुनर्वापराची चर्चा जोरात झाली. नागपूरने शुद्ध केलेले सांडपाणी औष्णिक वीजकेंद्रांना देऊन धरणाचे पाणी वाचवण्याचा शहाणा मार्ग पत्करला आहे, आणि बहुतेक शहरांनी आज तिथूनच सुरुवात करावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७,२३६.८ कोटी लिटर सांडपाणी तयार होते, त्यातले जेमतेम २,०२३.६ कोटी लिटर शुद्ध होते. आपल्या अनेक शहरांत एकाच नाल्यात घर, रुग्णालय आणि कारखाना तिघांचे पाणी वाहते. अशा नाल्याच्या टोकाला विंडहुकचे यंत्र आणून बसवले, तर ते बहुतेक दिवस बंदच ठेवावे लागेल, किंवा त्याचे मोजमाप तरी बंद करावे लागेल. ज्या नगरपालिकेला पुढच्या वीस वर्षांत हे पाणी प्यायला द्यायचे आहे, तिने पुढच्या अंदाजपत्रकात यंत्राच्या निविदेआधी कारखान्यांसाठी स्वतंत्र वाहिनी आणि प्रयोगशाळेची कायम पदे यांची तरतूद करावी.